उभे राहण्याची तालीम

लेखापरीक्षेच्या खात्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याच्या लेखी बसणे ही विश्रांती नसते आणि श्रमही नसतो. ती त्याची नित्याची अवस्था असते. सकाळी डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळाली तर बसायचे, फोर्टातल्या कचेरीत हजेरी लावून बसायचे, दुपारचा डबा त्याच मेजावर उघडायचा, आणि एखाद्या खात्याचा मेळ लागेना तर दिवेलागण होऊन गेली तरी जागचे हलायचे नाही, या क्रमात मी पन्नाशी ओलांडली; आणि या साऱ्या काळात आपले दोन पाय आपल्याला उभे ठेवतात, चालताना तोल सांभाळतात, त्यासाठी शरीराला काही उद्योग करावा लागत असेल हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. तोल ही आपण हेतुपुरस्सर सांभाळण्याची गोष्टच नव्हे. ती इच्छेच्या अंमलाबाहेर, मज्जारज्जू आणि अनुमस्तिष्क यांच्या आपसांतल्या व्यवहारात सांभाळली जाते, आणि म्हणूनच ती उणावू लागली तरी तिची वर्दी आपल्यापर्यंत पोचत नाही.

मला ती वर्दी मिळाली कचेरीत भरलेल्या आरोग्यतपासणीत. रक्तदाब, साखर, चष्म्याचा नंबर असे नेहमीचे सोपस्कार झाल्यावर तिथे आलेल्या तरुण फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला बूट-मोजे काढून एका पायावर उभे राहायला सांगितले. डोळे उघडे होते तोवर मी बरा उभा होतो. “आता डोळे मिटा, सर,” असे त्या म्हणाल्या मात्र, घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा आळीपाळीने ताणल्या जाऊ लागल्या, हात न सांगता पसरले, आणि उचललेला पाय जमिनीला टेकला. “तुमची सगळी भिस्त डोळ्यांवर आहे, सर. पायांकडून खबर यायला उशीर होतोय,” असे त्या सहज म्हणाल्या, आणि ते वाक्य मला फार खोल गेले. मनुष्य उभा राहतो तो डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय, सांधे व स्नायू यांतून येणारे संवेदन या तिहींच्या आधारे. यांतील डोळे काढून घेतले की बाकीच्या दोहोंचे बळ उघड होते, हे एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या रोम्बेर्ग या वैद्याने दाखवून दिले आणि दोन्ही पाय जुळवून, डोळे मिटून उभे करण्याची त्याची परीक्षा आजही दवाखान्यांतून चालू आहे. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान सुमारे 3 ते 8 टक्क्यांनी घटते, हेही मला त्याच दिवशी कळले. बैठ्या नोकरीचे परिणाम मात्र फार पूर्वीपासून ठाऊक आहेत: 1953 साली जेरी मॉरिस या संशोधकांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक आढळला होता.

पुढे कर्मचाऱ्यांच्या कल्याणनिधीतून एक कंपनफलक, म्हणजे वर उभे राहणाऱ्याच्या पायांना कंपन देणारे व्यायामयंत्र, घेण्याची तजवीज झाली आणि जुन्या दप्तरांची खोली रिकामी करून तो तिथे बसवण्यात आला. या फलकांचे मुख्यतः दोन प्रकार असतात. एकात संपूर्ण पृष्ठभाग वरखाली हलतो. दुसऱ्यात तो मधल्या आसावर, बागेतल्या सी-सॉसारखा, डावीउजवीकडे झुलतो आणि त्यामुळे दोन पाय आळीपाळीने उचलले जातात. आमचा दुसऱ्या प्रकारचा होता. त्यावर अनवाणी उभे राहायचे, गुडघे किंचित वाकवायचे, भार टाचांऐवजी चवड्यांकडे ठेवायचा आणि समोरची दांडी नुसती बोटांनी धरायची, एवढाच विधी. पण यंत्र सुरू होताच प्रथम तळव्यांत मुंग्या येतात, मग पोटऱ्या घट्ट होतात, मांड्यांच्या पुढच्या भागातले मांस आपण न आकुंचवता आकुंचित होते, आणि थोड्या वेळाने पोटऱ्यांची त्वचा तांबूस होऊन तिला खाज सुटते, कारण तिथे रक्त अधिक वाहू लागते. गुडघे चुकून ताठ झाले की तेच कंपन सरळ मस्तकापर्यंत चढते, दात एकमेकांवर आपटतात, भिंतीवरच्या सूचनाफलकाची अक्षरे दुहेरी दिसू लागतात. “गुडघे सोडा, सर, गुडघे सोडा,” हे बाईंचे शब्द त्या खोलीत सर्वांत अधिक वेळा उच्चारले गेले असतील, आणि ते सर्वस्वी योग्य होते. वाकलेला गुडघा आणि सैल घोटा हेच कंपन शोषून घेतात व मेंदू, डोळे आणि कण्याचे मणके यांना त्यापासून वाचवतात.

आकड्यांशी जन्माचा संबंध असल्यामुळे मी त्या कंपनाचा हिशोबही करून पाहिला. फलक मध्यापासून 2 मिलिमीटर वर आणि तितकाच खाली जात असेल आणि दर सेकंदाला 12 आवर्तने होत असतील, तर त्याचे कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाहून थोडेसेच अधिक भरते. तीच आवर्तने 30 केली की ते गुरुत्वीय त्वरणाच्या सातपटीवर जाते, कारण त्वरण आवर्तनांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बटण दोनचार वेळा अधिक दाबणे किरकोळ दिसते, पण गुडघ्यावर येणारा भार त्याने कुठल्या कुठे जातो. म्हणून या यंत्राच्या वापरात मात्रेचा निर्णय जाणत्याच्या हाती असला पाहिजे, असे माझे ठाम मत झाले.

कंपनाने स्नायू आपोआप का आवळतात, याचे उत्तर मला या सर्व प्रकरणातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. स्नायूंच्या तंतूंमध्ये ताण मोजणारे अतिसूक्ष्म अवयव असतात; स्नायू अकस्मात लांबला की ते मज्जारज्जूला कळवतात, आणि मज्जारज्जू मेंदूच्या मंजुरीची वाट न पाहता त्याच स्नायूला आकुंचनाचा हुकूम देतो. फलकाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर हा व्यवहार पुन्हा पुन्हा घडतो. स्नायूला वा त्याच्या कंडरेला कंपन दिले असता त्यात टिकाऊ आकुंचन उत्पन्न होते, हे स्वीडनमधील एक्लुंड आणि हागबार्थ यांनी 1966 साली पद्धतशीरपणे वर्णिले. माझ्या पायांतले जे यंत्रतंत्र माझ्या आज्ञेला कधीच बांधलेले नव्हते, त्याला आज्ञेने नव्हे तर कारण पुरवून कामाला लावायचे असते, ही समज मला त्या खोलीत आली.

तरीही अनुभवाला पुरावा समजण्याची मला सवय नाही, म्हणून कंपनाच्या उपचाराचे जुने-नवे प्रयोग मी पाहिले. पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयातील शार्को या वैद्यांच्या लक्षात आले होते की कंपवाताच्या रुग्णांना आगगाडीच्या वा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर आराम वाटतो. म्हणून त्यांनी हादरे देणारी खुर्ची करवली आणि 1892 साली तिच्याविषयी व्याख्यान दिले. शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकेत तशा खुर्चीची परीक्षा झाली, तेव्हा कंपनाविना नुसते त्याच खुर्चीत बसलेल्या रुग्णांतही सुधारणा जवळजवळ तेवढीच दिसली. टोरांटोत 202 निरोगी, रजोनिवृत्त स्त्रियांना वर्षभर रोज 20 मिनिटे सौम्य कंपन देऊनही हाडांच्या घनतेत लाभ दिसला नाही. उलट बर्लिनमध्ये 2003 ते 2005 या काळात तरुण स्वयंसेवकांना 8 आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले असता, ज्यांच्याकडून कंपनाबरोबरच जोर लावण्याचा व्यायाम करवला त्यांच्या पोटऱ्या आणि पायांची हाडे इतरांपेक्षा पुष्कळच टिकून राहिली. या दोन टोकांवरून मी एवढेच घेतले की कंपन स्नायूंच्या प्रयत्नाबरोबर चालले तर उपयोगी पडते आणि निश्चल शरीराला दिल्यास त्याच्याकडून फारशी अपेक्षा धरू नये. ट्रॅक्टर आणि अवजड मोटारी हाकणाऱ्यांच्या पाठीला बसल्या जागी वर्षानुवर्षे सोसावे लागणारे हादरे तर उघड अपायकारकच असतात.

म्हणून बाईंनी आम्हाला फलकावर केवळ उभे केले नाही. त्यावर अर्ध्या बैठका, टाचा उचलणे, भार एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, आणि खाली उतरल्यावर जमिनीवर पायापुढे पाय ठेवून चालणे, असा सगळा क्रम लावून दिला. मूतखडा, पित्ताशयातले खडे, पेसमेकर, नुकतेच मोडलेले हाड, शिरेतली रक्ताची गुठळी किंवा गर्भारपण असलेल्यांना त्यांनी निक्षून परत पाठवले, आणि आमच्या शाखेतील एक ज्येष्ठ कारकून त्यामुळे बराच खट्टू झाला तरी त्या बधल्या नाहीत. मला त्यांचा तो करारीपणा फार आवडला. काही महिन्यांनी डोळे मिटून एका पायावर माझे टिकणे वाढले होते, आणि गाडीत कडी न धरता उभा असताना वळणावर घोटेच आधी सावरतात हे मला स्पष्ट जाणवू लागले होते. त्यात कंपनाचा वाटा किती आणि नेमाने खुर्चीतून उठण्याचा किती, हे वेगळे काढण्याचा माझ्यापाशी मार्ग नाही. मला त्याची गरजही वाटत नाही, कारण मी दोन्ही चालूच ठेवले आहेत.

आता जिल्हा कचेऱ्यांतूनही असे फलक मागवण्याचा प्रस्ताव वरिष्ठांपुढे आहे आणि त्याचा मसुदा माझ्याकडे आला होता. त्यात यंत्राची किंमत, हमीची मुदत आणि विजेचा खर्च एवढेच मांडलेले होते. मी त्यावर शेरा लिहिला की आठवड्यातून निदान दोन दिवस प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हजर राहण्याची तरतूद झाल्याखेरीज एकाही ठिकाणी यंत्र मंजूर करू नये, आणि पैसा अपुरा पडत असेल तर यंत्र राहू द्यावे, पण ती नेमणूक करावी. प्रस्ताव अद्याप विचाराधीन आहे.