कपाळावरचा टिळा

सरकारी कामासाठी केलेल्या परदेशवारीचा वृत्तान्त बहुधा प्रवासभत्त्याच्या बिलात संपतो. विमानाचे तिकीट, हॉटेलची पावती आणि बैठकांचे टिपण जोडले की फाईल बंद होते. नोव्हेंबर २०१२ मधल्या माझ्या चार दिवसांच्या लंडनवारीची फाईलही अशीच केव्हाच बंद झाली. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुराने आम्हा पाटबंधारे खात्यातल्या मंडळींची झोप उडवली होती. भरतीचे पाणी शहरात शिरू नये म्हणून थेम्स नदीवर बांधलेले आणि १९८४ साली उद्घाटन झालेले अजस्र दरवाजे पाहणे, तिथल्या तज्ज्ञांशी बोलणे, एवढेच आमचे काम होते. त्या फाईलीत न गेलेली एक छोटी वही मात्र आजही माझ्याजवळ आहे. तीत पक्ष्यांची नावे आहेत.

पक्षी पाहण्याचा छंद मला वडिलांकडून आला. आमचे घराणे गायकवाडी अमदानीत नवसारी प्रांतात नोकरीस आले आणि पुढे सुरतेस स्थिरावले. घरात पक्ष्यांची नावे मराठीत, तर अंगणाबाहेर गुजरातीत, अशी दुहेरी शिकवण सहजच झाली.

लंडनमध्ये दिवसभर बैठका असत आणि दुपारी चारच्या सुमारास अंधारून येई. उरत ती फक्त सकाळ. आमच्या मुक्कामापासून सेंट जेम्स पार्क पायी दहा मिनिटांवर होते. एका बाजूस राजवाडा, दुसऱ्या बाजूस मंत्रालये आणि मधोमध सुमारे ५७ एकरांची ही बाग. दुसऱ्या चार्ल्स राजाला पाखरांचा मोठा षोक. त्याच्या पक्षिगृहावरूनच बागेलगतच्या रस्त्याला ‘बर्डकेज वॉक’ हे नाव पडले. तळ्यात पाणकोळी पोहतात. त्यांचे पूर्वसूरी रशियाच्या वकिलाने चार्ल्सला नजर केले, ते १६६४ साली. सुरतेच्या मराठी माणसाला हे साल विसरता येत नाही. त्याच वर्षीच्या जानेवारीत शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले आणि जॉर्ज ऑक्झेंडन आपली वखार लढवीत बसला. शाळेत, शेजारात, कधी थट्टेत तर कधी भांडणात, या सालाची आठवण आपल्याला कुणी ना कुणी करून दिलेलीच असते. इथे ते साल पाण्यावर शांतपणे तरंगत होते.

पाणकोळ्यांपेक्षा माझे लक्ष वेधून घेतले ते एका साध्या पक्ष्याने. काळाभोर देह, पांढरी चोच आणि चोचीपासून कपाळावर चढत गेलेला पांढराशुभ्र पट्टा. मी काही बोलण्यापूर्वीच सोबतचे तरुण गुजराती अभियंते आनंदाने म्हणाले, “साहेब, आ तो आपणुं भगतडुं!” मी म्हटले, “आमच्या मराठीत याला वारकरी म्हणतात.” क्षणभर विचार करून ते हसले, “एटले भगत ज ने!”

खरोखर, हाच पक्षी हिवाळ्यात आपल्या गवियर तलावावर दिसतो. जात तीच, रूप तेच. इंग्रजीत त्याला ‘कूट’ म्हणतात आणि डोक्यावर केस नसलेल्या माणसाला कूटची उपमा देतात. म्हणजे इंग्रजाला त्या पांढऱ्या पट्ट्यात टक्कल दिसले. महाराष्ट्रातल्या माणसाला तिथे पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याचा टिळा दिसला आणि गुजरातेतल्या माणसाला भगताचा. ज्याच्या मनात जे वसते, तेच त्याने पाखराच्या कपाळावर पाहिले. मराठीतली अशी नावे मारुती चितमपल्ली यांनी रानोमाळ हिंडून, वनवासींकडून आणि पारध्यांकडून ऐकून टिपली. त्यांचा ‘पक्षिकोश’ चाळताना जाणवते की, एकेका नावात एकेका समाजाची पाहण्याची रीत साठवलेली असते. नाव गेले की ती रीतही जाते, पाखरू मात्र तिथेच राहते.

शेवटच्या सकाळी केन्सिंग्टन गार्डनमध्ये गेलो. पानगळ झालेल्या झाडांवर आपले हिरवे, गळ्यात कंठी असलेले पोपट कलकलत होते. ते गेल्या अर्धशतकात तिथे स्थायिक झाले आहेत. एका चित्रपटाच्या चित्रीकरणातून ते निसटले, एका प्रसिद्ध गिटारवादकाने ते सोडले, अशा दंतकथा सांगितल्या जातात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्यांना आधार सापडला नाही. पिंजऱ्यातून वेळोवेळी सुटलेल्या आणि सोडलेल्या पाखरांचीच ही प्रजा. कुणी त्यांना कौतुकाने सफरचंद भरवतो, तर कुणी म्हणतो की ही परकी पाखरे इथल्यांच्या ढोल्या बळकावतात. मी बराच वेळ ऐकत उभा राहिलो. खाणे बदलले होते, हवा बदलली होती, पण आवाज अगदी आपल्या चिंचेवरचाच होता.

आपले काय झाले आहे, हा प्रश्न तिथे मनात आला आणि अद्याप गेलेला नाही. चार पिढ्या आपण या गावात आहोत. इथले अन्न आणि इथली माणसे आपली झाली, आणि त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. मात्र आपल्या घरांतला आवाज क्षीण होत चालला आहे. माझी नात मराठी समजते, परंतु उत्तर गुजरातीत देते, आणि शाळेतले सारे इंग्रजीत लिहिते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. तिला ज्या गोष्टी मराठीत कुणी दाखवल्याच नाहीत, त्यांची मराठी नावे तिला कुठून येणार?

म्हणून गेल्या हिवाळ्यात तिला गवियरला घेऊन गेलो. तिने दुर्बिणीतून तो काळा पक्षी पाहिला आणि नाव विचारले. मी तिन्ही नावे सांगितली. “यातलं खरं कोणतं, आजोबा?” हा प्रश्न, कधी नव्हे तो, तिने मराठीत विचारला. मी म्हटले, “तिन्ही खरी. तुला त्याच्या कपाळावर काय दिसतं ते पाहा.” पुष्कळ वेळ न्याहाळून तिने आपल्या वहीत लिहिले. अक्षरे गुजराती होती, शिरोरेषा नव्हती. पण शब्द ‘वारकरी’ होता. मग वारकरी म्हणजे कोण, असे तिने विचारले, आणि घर येईपर्यंत मी तिला पंढरपूरची वाट सांगत होतो.