सीट हलतेय!

सीट म्हटलं की आपल्याला ॲडमिशनचे कॅप राऊंडच आठवतात. पण ही गोष्ट आमच्या घरच्या मारुती ८०० मधल्या ड्रायव्हर सीटची. गाडी २००५ ची, मीही २००५ चा. या मॉडेलचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलं, पण बाबांचा जीव काही तिच्यातून निघत नाही.

दिवाळीची सुट्टी होती. हॉस्टेलची मंडळी गावी गेलेली, मी कोल्हापूरचाच. बाबा म्हणाले, "सीट जरा हलतीय बघ." मी पडलो मेकॅनिकलचा! पाना घेऊन पुढचा बोल्ट आवळायला गेलो, तर तो नुसताच फिरत राहिला. मग रेलखाली रबराची पाचर ठोकली. खटखट बंद! आईने शेजारीपाजारी कौतुकही केलं.

आठवड्यातच दोघं पन्हाळ्याला गेले. उतरताना म्हैस आडवी आली. बाबांनी ब्रेकवर पाय दाबला, पाठ सीटवर रेलली आणि पुढची बाजू उचलून सीटच मागे कलंडली. पाय ब्रेकवरून सुटला. कसाबसा हँडब्रेक ओढला, गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली.

बाबा मला काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगर गाठलं. मिस्त्रींनी सीट काढली, मॅट उचललं आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो पत्र्यातून आरपार गेला! दरवाजाचं रबर फाटलेलं आणि पावसाचं पाणी वर्षानुवर्षं खाली मुरलेलं. लक्ष आम्हीच दिलं नव्हतं.

"बोल्ट दणकट हाय रं, पन त्यो धरतोय कशाला?" मिस्त्री म्हणाले.

वर्गात शिकलेलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. ८.८ ग्रेडचा एम-८ बोल्ट तोडायला साधारण २९ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ तीन टनांचा ताण लागतो. पण गंजलेल्या पत्र्यात त्याचा काय उपयोग?

मिस्त्रींनी आधी बॅटरीची वायर सोडवली, खालची पेट्रोलची नळी बाजूला घेतली, मगच वेल्डिंगला हात घातला. सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापला, नवा तुकडा बसवला. खालून तळहाताएवढी जाड पट्टी आणि तिला नट वेल्ड केला, म्हणजे भार एका भोकावर न येता पसरतो. वर रेड ऑक्साईड, सीलंट आणि नवा बोल्ट. दरवाजाचं रबरही बदललं, नाहीतर काही पावसाळ्यांनी पुन्हा हेच.

मी आवाज बंद केला होता, बिघाड नाही. गाडी तक्रार करत होती आणि मी तिचं तोंड दाबलं होतं.

मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की बाबांच्या गाडीची सीट दोन्ही हातांनी धरून एकदा हलवून बघा. हललीच, तर पाना घेण्याआधी मॅट उचला.