मामा कुठं उभा राहणार

आमच्या खानापूर-आटपाडी भागातली निम्मी माणसं गावात असतात आणि निम्मी गलाईला. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. हिंदुस्थानातल्या कुठल्याही मोठ्या शहरात जा, सराफ पेठेच्या मागच्या बोळात आमच्या बाजूचा एखादा माणूस भट्टीपुढं बसलेला सापडतोच. माझे दाजी असेच कोइमतूरला. थोरल्या आक्काचं लग्न झालं आणि ती मराठीसुद्धा धड कुणी बोलत नाही अशा मुलखात जाऊन राहिली. वर्षातून एकदा मे महिन्यात ही मंडळी गावाकडं यायची. जत्रा, लग्नं, वास्तुशांती सगळं एका महिन्यात उरकायची आणि मृगाच्या आत परत.

२००३ च्या उन्हाळ्यात मात्र गावात लग्न करायची सोय राहिली नव्हती. विहिरीचा तळ दिसत होता. माणसांना प्यायला टँकर आणि बागेलाही टँकर. पाचशे माणसांच्या पंगतीला पाणी आणायचं कुठनं? दाजींनी कळवलं, पोरीचं लग्न इकडंच कोइमतूरला करतो. नवरा मुलगाही आपल्याच तालुक्यातला, त्याचा बापही तिकडंच गलाईला, त्यामुळं त्यांचीही हरकत नव्हती. हरकत होती ती आमच्या आईची. पण ती कुणाला सांगणार? तिचे दोन्ही गुडघे गेलेले. मिरजेहून बेंगळुरू, तिथं गाडी बदलून पुढं कोइमतूर, हा प्रवास तिच्यानं होणार नव्हता. नातीचं लग्न आणि आजी घरात, असा तो प्रसंग.

आता माझ्या कॅमेऱ्याविषयी सांगितलं पाहिजे. दहावीनंतर शेतीत पडायच्या आधी विट्याच्या एका दोस्ताच्या स्टुडिओत मी तीन वर्षं काढली. डार्करूमच्या लाल दिव्याखाली कागदावर चेहरा हळूहळू वर येताना बघितला आणि ते वेड काही गेलं नाही. पुढं बागेचे चार पैसे आले तेव्हा निकॉनचा एफएम-१० घेतला. साधा, चावीसारखा पुढं रोल ओढायचा कॅमेरा. बॅटरी फक्त उजेड मोजण्यापुरती; ती संपली तरी फोटो निघायचा. त्यामुळं दाजींनी तिकडचा फोटोवाला ठरवतो म्हटल्यावर आक्का म्हणाली, "मामा असताना परका कशाला?" मलाही ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

लग्न ठरल्यापासून माझ्या डोक्यात एकच विषय. लेन्स कुठली न्यायची?

कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स होती, ३५ ते ७० ची. सोयीची, पण अंधारात आंधळी. ७० वर नेली की तिचं तोंड ४.८ च्या पुढं उघडत नाही. माझ्याकडं जुन्या बाजारातली एक ५० ची होती, ती १.८ पर्यंत उघडते. आकडे बघून वाटतं फरक तीनाचा असेल. पण हिशेब वर्गाचा असतो. ५० ची लेन्स ७० वरच्या झूमच्या सात पट उजेड आत घेते. मोटेच्या तोंडाची रुंदी थोडी वाढवली तर पाणी किती वाढतं हे ज्यानं बघितलंय त्याला हे समजावून सांगायला नको.

म्हणून झूम घरीच ठेवायची हे पहिल्या दिवशी ठरलं. ५० ची तर न्यायचीच. दोस्ताच्या स्टुडिओत आणखी दोन होत्या, २८ ची रुंद आणि १३५ ची लांब. त्यातली एक तो देणार होता. लग्नसराई त्याचीही होती.

आक्काचा फोन आला, "आरं, सगळी माणसं एका फोटूत आली पायजेत बघ. मांडव, व्याही, पंगत, समदं. पुन्हा कधी एवढी गोळा व्हायची?" म्हणजे २८ ची. लहान खोलीत, गर्दीत, पाठ भिंतीला टेकल्यावर २८ शिवाय पर्याय नाही. तिचे दोष मला ठाऊक होते. कडेला उभी राहिलेली माणसं लठ्ठ येतात, आणि अगदी जवळून काढलं तर नाक पुढं येतं. माझ्या एका चुलतीनं त्यापायी माझ्याशी वर्षभर अबोला धरला होता. शिवाय माझ्या फ्लॅशचा उजेड एवढ्या रुंदीला पुरत नव्हता, कोपरे काळे राहायचे. तरी आक्काच्या मागणीला तीच लेन्स.

त्याच रात्री आईला जेवण वाढून तिच्याजवळ बसलो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस ती आवाजावरनं ओळखायची. मी म्हटलं, "आई, सगळ्या लग्नाचे फोटो आणतो तुला."

ती म्हणाली, "मला घोळका दावू नगंस. मांडव तर न्हाईच दिसायचा. पोरीचं त्वांड मोठं काढून आण. आन् आक्कीचं."

आईच्या मागणीला १३५ ची. दहा-बारा फुटांवरनं चेहरा भरून येतो, मागचं सगळं विरघळतं, नाकडोळे जिथल्या तिथं राहतात. पण तीही सोपी लेन्स नाही. दहा फुटांवर तोंड पूर्ण उघडं ठेवलं तर जेमतेम तीन-साडेतीन इंचांचा पट्टा स्पष्ट येतो. डोळ्यावर फोकस धरला आणि पोरगी जरा मागं झुकली की गेला फोटो. आणि हात हलता कामा नये. लेन्सचा जो आकडा, निदान तेवढाव्या भागाचा सेकंद हवा, हा स्टुडिओतला पाठ. १३५ ला सव्वाशेच्या खाली गेलो की थरथर आलीच. मंगल कार्यालयातल्या ट्यूबलाइटमध्ये सव्वाशे मिळायचे म्हणजे चारशेचा रोल घालूनही नशीब लागतं.

दोस्ताकडं गेलो. त्यानं विचारलं, "मामा म्हणून चाललायस का फोटोग्राफर म्हणून?"

"दोन्ही."

"मग दोनच्या वर लेन्स नेऊ नको. सारखी लेन्स बदलत बसलास तर लग्न तुझ्या पिशवीतच लागंल. आन् आधी हे सांग, तू उभा कुठं राहणार?"

मी त्याच्या टेबलावर बोटानं बोहलं काढलं, समोर दहा फुटांवर स्वतःला उभं केलं. मग १३५ ची उचलली. मनात म्हटलं, आक्काला सगळं प्रत्यक्ष दिसणारच आहे. जिला दिसणार नाही तिचं ऐकायचं.

सहा रोल घेतले, तीन शंभरचे आणि तीन चारशेचे. त्यांचे पैसे मोजताना मन खात होतं. आईचं ऑपरेशन मी त्याआधी दोनदा पुढं ढकललं होतं. एकदा छाटणीसाठी, एकदा टँकरसाठी. तिच्यापुढं म्हणायचो, अजून पिकला नाही मोतीबिंदू. डॉक्टर असं काही म्हणाला नव्हता.

कारभारणीला बागेवर आणि आईपाशी ठेवून मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली. रात्रभर पिशवी उशाला.

कोइमतूरला पोचलो आणि पहिला दणका हळदीला बसला. दाजींचं घर म्हणजे भट्टीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दहा बाय दहाच्या खोलीत पंचवीस बायका. ५० ची लावून मी दारात, मग जिन्याच्या पायरीवर, मग आणखी खालच्या पायरीवर. तिथनं फक्त पाय दिसायला लागले. चार डोक्यांच्या वर काही मावेना. त्या क्षणी २८ च्या लेन्ससाठी मी काहीही दिलं असतं. आक्का आजही तो अल्बम काढते आणि म्हणते, निम्म्या बायका कापल्यास.

एक चांगला निघाला. दाजी हळदीच्या गर्दीतनं निसटून खाली भट्टीपाशी जाऊन बसले होते, एकटेच. भट्टी त्या दिवशी थंड होती. तेजाबानं डागळलेली बोटं त्यांनी गुडघ्यावर ठेवलेली, खिडकीचा उजेड एका बाजूनं. ५० ची पूर्ण उघडून, फ्लॅश न लावता काढला. त्यांना कळलंही नाही. असा फोटो काढायचा असं ठरवून कुणी जात नाही.

लग्नाचं कार्यालय मोठं होतं. दाराला घडासकट केळीचे खांब, आत नादस्वरम वाजवणारे, आणि बोहल्यावर आमचे भटजी खास गावाकडनं नेलेले. बोहल्याच्या समोर मोगऱ्याच्या माळांचे पडदे सोडलेले. सगळं छतावरच्या ट्यूबलाइटच्या उजेडात. मी दिलेली पिवळी साडी नेसून भाची बसली होती. साधा रोल उन्हासाठी बनवलेला असतो, ट्यूबलाइटखाली त्याला हिरवी झाक येते. फ्लॅशशिवाय काढलेल्या फोटोंत ती साडी कैरीसारखी आली आहे. पण चेहरे मिळाले. १३५ ची लावली, खांबाला खांदा टेकवला, श्वास धरला. भाची हसताना, भाची भावाकडं बघताना. आक्का तांदूळ निवडत असल्यासारखी खाली बघत बसलेली. रोल कसा संपत गेला कळलं नाही.

आणि भटजींनी पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

मी जागचा हललो नाही. खरं सांगतो, दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली असं वाटलं. मी फोकस धरून होतो. दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा दाजी येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "पाव्हणं, तुम्हालाच बोलवाय लागल्यात."

विट्याला टेबलावर बोटानं बोहलं काढलं तेव्हा मामाची जागा मी काढलीच नव्हती. महिनाभर तोंड किती उघडतं आणि सेकंद किती मिळतो याचा हिशेब केला, आणि मंगलाष्टकं चालू असताना मी नवरीच्या पाठीमागं तिच्या खांद्याला हात लावून उभा असणार, हे ध्यानातच आलं नाही. कॅमेरा धाकट्या भाच्याच्या गळ्यात अडकवला. म्हटलं, हे बटण दाब, रोल असा ओढ. लेन्स बदलायला वेळ नव्हता.

अंतरपाटाच्या अलीकडं उभा राहिलो. भाचीचा खांदा थरथरत होता. समोर काहीच दिसत नव्हतं, पांढरं कापड आणि तिची मान. आक्का लग्न होऊन गेली तेव्हा मी बारा-तेरा वर्षांचा होतो आणि आमचा मामा असाच तिच्या मागं उभा होता. मला आठवतंय, तो नाक ओढत होता आणि मला हसू आलं होतं.

कानपिळीच्या वेळी कॅमेरा परत मिळाला, ५० ची लावली आणि ते फोटो झकास आले. सगळ्यांचा मिळून फोटो कार्यालयाच्या पायऱ्यांवर घेतला. चाळीस माणसं ५० च्या लेन्समध्ये मावायला मला तीसेक फूट मागं रस्त्यात जावं लागलं. दोन फोटोंत मध्येच रिक्षा आहे.

विट्याला रोल धुतले. आईसाठी भाचीचे आणि आक्काचे चेहरे मोठ्या कागदावर केले. अंगणात उन्हात बसून ती एकेक फोटो डोळ्याला लावून बघत होती. अगदी नाकाला टेकवायची, लांब धरायची, कलता करायची. "व्हय, व्हय," म्हणायची. दिसत होतं का विचारायचा धीर मला झाला नाही.

भाच्यानं काढलेला एक फोटो त्यात चुकून गेला होता. मंगलाष्टकांचा तोच एक. त्यानं फोकसची कडी मी सोडली होती तिथंच ठेवली होती, आठ फुटांवर. मोगऱ्याची माळ लख्ख, कळीन् कळी मोजून घ्यावी, आणि मागं आम्ही सगळी धुकटलेली. पिवळा डाग म्हणजे भाची, तिच्यामागं फेट्याचा लाल डाग म्हणजे मी. तो मी काढून घ्यायला लागलो.

"खराब आलाय आई, ठेव तो."

तिनं माझ्या थोरल्या पोरीला विचारलं, कसा आलाय गं? पोरीनं सांगितलं, माळ स्पष्ट हाय, माणसं अंधुक हायती.

"मग बराबर हाय की," आई म्हणाली. "मला समदं असंच दिसतंय."

ती काही टोमणा मारत नव्हती. तिनं तो फोटो ठेवून घेतला.

पुढच्या आठवड्यात तिला मिरजेला नेलं. एक डोळा जूनमध्ये, दुसरा दिवाळीनंतर. टँकरवाल्याची उधारी तशीच ठेवली. तो रोज उंबऱ्यात येऊन बसायचा आणि आईच तंबाखू देऊन त्याला वाटेला लावायची.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर एका सकाळी तिनं स्वतःच फोटोंचं पाकीट मागितलं. चष्मा लावून सोप्यात बसली. दाजींचा फोटो बघितला, बोटांवरनं बोट फिरवलं. भाचीचे बघितले. मग आक्काचा, खांबाला टेकून १३५ नं काढलेला तो. खाली बघणारा चेहरा, कानाजवळची बट, भांगातलं कुंकू. तो बराच वेळ हातात धरून बसली. मी गोठ्याकडं जायला निघालो होतो.

"आरं," तिनं हाक मारली, "आक्कीचं केस कवा पांढरं झालं?"