दोन पाडव्यांच्या मधली लोकर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीत एका घरात जुने स्वेटर उसवायला निघतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेल्यामुळे गल्लीत सगळे तिथल्या आजींना बाईच म्हणतात. बाई ओसरीवर उन्हात बसतात, स्वेटर मांडीवर पालथा घालतात आणि आधी बाजूच्या शिवणीचा दोरा शोधतात. शिवणीला कात्री लावायची नाही, सुईच्या टोकानं एकेक टाका उचलायचा. कात्री चुकून विणीला लागली तर सलग धाग्याऐवजी वीत-वीत तुकडे हातात येतात. पाठ, पोट आणि बाह्या सुट्ट्या झाल्या की जिथं टाके बंद केले होते तिथली गाठ सोडायची. मग मात्र काम झपाट्यानं होतं. नातू धाग्याचं टोक धरून फाटकापर्यंत पळतो आणि ओळीमागून ओळ सरसर सुटत जाते. विणायला पंधरा दिवस लागलेली पाठ अर्ध्या तासात संपते.

उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते. तशीच विणायला घेतली तर टाके लहानमोठे पडतात. म्हणून ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि दांडीला टांगून खाली वजन अडकवायचं. बाईंच्या घरी हे वजन म्हणजे आईनं लग्नात दिलेला पितळेचा लोटा. भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, आणि या लोट्याच्या पोटावर हातोडीचे ठोके अजून बोटांना लागतात. लोट्यात पाणी कमीजास्त केलं की वजन हवं तेवढं करता येतं. मेंढीची लोकर अशी रात्रभरात सरळ होते. ॲक्रिलिक हट्टी, त्यात थोडी लाट उरतेच. त्याला इस्त्री लावायची नाही, धागा मरतो आणि कापड कायमचं लुळं पडतं. बाजारात दोन्हींना लोकरच म्हणतात. ओळखायचं असेल तर इंचभर धागा काडीनं पेटवायचा: लोकर जळक्या केसांसारखा वास मारते आणि तिची राख बोटांत चुरडते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

मग येते 1 जानेवारी. त्या दिवशी सकाळी चहा झाला की घरातला प्रत्येक जण दाराच्या चौकटीपाशी उभा राहतो आणि बाई टेप घेऊन माप काढतात. छाती, काखेपासून खालची उंची, बाही, डोक्याचा घेर. सगळं एका शंभर पानी वहीत जातं. नवीन वर्षाचा केक, फटाके, मध्यरात्रीपर्यंतचं जागरण हे मुलांचं मुलं करतात. या घरातलं नवीन वर्ष टेपच्या थंड पत्रीनं मानेला चटका बसल्यावरच सुरू होतं. वही उलटत गेलं की मुलाची छाती 22 पासून 40 पर्यंत चढताना दिसते. दुसऱ्या बाजूला सासऱ्यांचं नाव: 38, मग 37, मग 35. त्याच्या पुढच्या वर्षी ते नाव वहीत नाही. त्यांचा राखाडी स्वेटर मात्र घरातच होता. तोच या डिसेंबरात उसवला.

लोकरीचं काम थंड मुलखातलं, असं सर्रास समजलं जातं. सुयांवर विणलेल्या सर्वांत जुन्या वस्तू मात्र इजिप्तच्या वाळूत सापडल्या, आठशे-हजार वर्षांपूर्वीचे निळे-पांढरे मोजे, आणि तेही सुती. मे महिन्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या भंडारा जिल्ह्यात कोणी स्वेटर विणतं म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना नवल वाटतं. त्यांनी इथली थंडी बघितलेली नसते. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर उतरला होता. वैनगंगेच्या खोऱ्यात, तलावांच्या आणि कापून मोकळ्या झालेल्या धानाच्या बांध्यांच्या शेजारी पहाट कशी असते, ते त्या पहाटे चुलीपुढून न हललेल्या माणसांना विचारावं.

बाईंचा विणकामाचा हंगाम दोन पाडव्यांच्या मधे बसतो. दिवाळीच्या पाडव्याला पहिले टाके सुईवर चढतात, गुढीपाडव्याला सुया उतरतात. यंदा 22 ऑक्टोबर 2025 ते 19 मार्च 2026, म्हणजे 148 दिवस. एक पाडवा विक्रम संवताचा, दुसरा शालिवाहन शकाचा. दोन्ही नव्या वर्षाचे, आणि मधे इंग्रजी वर्ष बदलतं ते वेगळंच.

दिवाळीचा पाडवा इथं गाईगोधनाचा. त्यानंतर भाऊबीज आणि भाऊबिजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे इथल्या जत्रा. ज्या गावची मंडई त्या गावच्या लेकी माहेरी येतात, जावई येतात, चुलीवर वडे तळले जातात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. झाडीपट्टीची, म्हणजे या मुलखाची, नाटकं रात्रभर चालतात. वडशाच्या मंडळ्या गाड्या भरून गावोगाव फिरतात आणि प्रेक्षक पोतं-सतरंजी अंथरून पहाटेपर्यंत उघड्यावर बसतो. झाडीबोलीतले शब्द आणि लोककला गोळा करण्यात साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी जन्म घातला, पण त्या मांडवात माणसं काय पांघरून बसतात, याची नोंदही कोणीतरी करायला हवी. घोंगडी, चादर, दुलई आणि आईनं विणलेला, कोपरावर विरलेला स्वेटर. बाई नाटकालाही सुया घेऊन जातात. अंधारात नक्षी जमत नाही, म्हणून मंडईच्या रात्रींसाठी नुसत्या सुलट ओळींचं काम राखून ठेवलेलं असतं. दोन्ही बाजूंनी सुलटच विणायचं, बोटांना डोळ्यांची गरज पडत नाही. नाटकात रडण्याचा प्रवेश आला की टाके घट्ट पडतात. दुसऱ्या दिवशी उजेडात त्या चार ओळी बाईंना बरोबर ओळखू येतात.

त्यांना सगळ्यात मोलाचं शिकवलं ते एका तिबेटी बाईनं.

मुलगा शाळेत होता तेव्हाची गोष्ट. 31 डिसेंबरच्या रात्री त्याचा स्वेटर पूर्ण करायचाच, असा बाईंनी चंग बांधला होता. निळी लोकर, पुढे पांढऱ्या दोन पट्ट्या. रात्री साडेअकराला गळ्याचे टाके बंद झाले. सकाळी स्वेटर डोक्यातून घालायला गेल्या तर तो कानांवर अडकला. ओढलं तर पोरगं रडायला लागलं. शाळेत जायची वेळ झाली होती, तो जुनाच आखूड स्वेटर घालून गेला. बाईंनी त्या दुपारी भंडाऱ्याला जाऊन रस्त्याकडेच्या तिबेटी दुकानातून तयार स्वेटर घेतला आणि पिशवीतला फसलेला स्वेटर सहज त्या विक्रेतीपुढे धरला.

तिच्याही हातात सुया होत्या. पुढ्यात लुधियानाच्या मशीनवर विणलेल्या स्वेटरांचे ढीग, आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती स्वतः लाल मोजा विणत होती. तिनं गळा दोन अंगठ्यांनी ताणून बघितला आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "ताई, टाके बंद करताना सुई जाडी घ्यायची. गळा दहा नंबरवर विणला ना? मग शेवटची ओळ आठवर." सुयांच्या नंबरांचा हिशेब उलटा असतो, नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: दहा नंबरची सव्वातीन मिलिमीटर, आठची चार. बंद केलेला टाका ताणला जात नाही, म्हणून तेवढी एक ओळ सैल हवी. तिनं तिथंच बसून ती ओळ उसवली, टाके परत सुईवर घेतले आणि दहा मिनिटांत गळा मोकळा करून दिला. पैसे घेतले ते फक्त तयार स्वेटरचे.

मराठी कुठून आली, तर ती गोठणगावची. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो कुटुंबं आली आणि देशात जागोजागी वसाहती झाल्या. त्यातली एक 1972 मध्ये इटियाडोह धरणाजवळ गोठणगावला, जंगलाच्या काठावर. नाव नोरग्येलिंग. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा झाला आणि गोठणगाव तिकडे गेलं, पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात ती वसाहत अजून भंडाऱ्याचीच आहे. पावसाळ्यात शेती, हिवाळ्यात स्वेटर. बर्फाच्या देशातली माणसं धानाच्या देशात आली आणि इथल्या लोकांना थंडीचे कपडे विकू लागली. लेखकाला या गोष्टीपुढे दर वेळी थोडं थांबावंसं वाटतं.

त्या हिवाळ्यापासून बाई दर वर्षी त्या दुकानात जात राहिल्या आणि दर वर्षी काहीतरी घेऊन आल्या. सर्वांत उपयोगी पडली ती बाही. आपल्याकडे बाही मनगटाकडून सुरू करतात, खांद्याकडे वाढवत नेतात आणि मग मुंड्याला शिवतात. ती म्हणाली, उलटं करा. मुंड्याच्या कडेचे टाके सुईवर उचला आणि खांद्याकडून मनगटाकडे कमी करत उतरा. मुलाचा हात लांबला की फक्त मनगटाची पट्टी उसवायची, टाके सुईवर घ्यायचे, दोन इंच विणायचे आणि पट्टी पुन्हा करायची. अख्खा स्वेटर मोडावा लागत नाही. बाईंच्या मुलाचा एक स्वेटर असा तीन वर्षं चालला. बाहीवर जोडाच्या दोन रेषा दिसत, कारण नवी लोकर पहिल्या रंगाशी कधीच तंतोतंत जुळत नाही.

हिशेबाचं मात्र बाईंनीच तिला शिकवलं, हे त्या अभिमानानं सांगतात. ती अंदाजानं टाके घालायची, बाई गणिताच्या शिक्षिका. आधी चार इंचांचा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मग एका इंचात किती टाके बसतात ते मोजायचं. साडेपाच आले आणि 26 इंचांचा घेर हवा असला, तर अर्ध्या भागाला 72 टाके. हात जरा घट्ट पडून इंचात सहा टाके बसू लागले, तर त्याच 72 टाक्यांचा स्वेटर 24 इंचांचा होतो. अर्ध्या टाक्यानं दोन इंच खाल्ले! हा चौकोन विणायचा कंटाळा करणाऱ्या प्रत्येकीला बाई हे गणित करून दाखवतात. लेखकाच्या मते शाळेतही अपूर्णांक असेच शिकवावेत.

लोसार म्हणजे तिबेटी नवं वर्ष. यंदा ते 18 फेब्रुवारीला आलं, बाईंच्या दोन पाडव्यांच्या बरोबर आत. स्वेटरांचा धंदा जानेवारीत आटपतो आणि गावोगाव पांगलेली माणसं लोसारसाठी घरी परततात. एका वर्षी बाईंना तिच्या घरचं आमंत्रण होतं. घर झाडून-पुसून लख्ख, ताटांत तळलेले खापसे रचलेले. आपल्या शंकरपाळ्या-चिरोट्यांच्याच नात्यातला पदार्थ. वर्षाच्या शेवटच्या महिन्यातल्या एकोणतिसाव्या रात्री गुथुक करतात. गु म्हणजे नऊ. नऊ जिनसा घातलेलं हे घट्ट कढण. त्यात प्रत्येकासाठी कणकेचा एक मोठा गोळा असतो आणि गोळ्यात काहीतरी लपवलेलं. मिरची निघाली तर माणूस बडबड्या, कोळसा निघाला तर मनाचा काळा. सगळे एकमेकांचे गोळे फोडून हसत असतात. बाईंच्या गोळ्यात पांढऱ्या लोकरीचा पुंजका निघाला. तो निघाला तर माणूस मऊ मनाचा समजतात. बाईंनी तो पुंजका ओल्या कणकेसकट रुमालात बांधून साकोलीला आणला, धुतला, आणि तो वहीच्या पुठ्ठ्याला टाचलेला आहे.

संक्रांतीचं काम लहान, पण घाईचं. कोणाकडे बोरन्हाण असलं की काळं झबलं लागतं, आणि बाई ते बारा नंबरच्या सुयांवर विणून देतात. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही, त्यामुळे हे काम दिवसाउजेडीच होतं.

मराठीत सुयांवर विणणं आणि मागावर विणणं, दोन्हींना एकच शब्द. बाईंचं आजोळ मोहाडी तालुक्यात, कोष्ट्यांच्या आळीला लागून. तिथं आणि आंधळगाव-पवनीकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढलेल्या कोशांचं टसर, म्हणजे कोसा, विणलं जातं, आणि करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली करवती साडी तयार होते. दोन काठांना दोन धोटे आणि अंगाला तिसरा, असे तीन धोटे एकाच ओळीत फिरवून काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा. लहानपणी बाई तासन् तास मागाशी बसून हे बघत. मागावरचं कापड उभ्या-आडव्या धाग्यांचं, ते कापलं तर कापलंच. सुयांवरचं एकाच धाग्याचं, म्हणून ते परत धागा होऊ शकतं. बाईंना सुयाच आवडल्या, त्याचं कारण त्या हेच देतात.

गुढीला मात्र कोसाच. 19 मार्चला सकाळी बाईंच्या अंगणात आजीची मधाच्या रंगाची करवती साडी बांबूवर चढली, वर लोटा पालथा घातला, तोच लोकरीला टांगतात तो, चिंचेनं घासलेला. साखरेची गाठी, आंब्याचा डहाळा, कडुनिंब. नागपूरहून मुलगा, सून, नातू आले होते. दुपारी ऊन चढलं. एकदा बोटांना घाम यायला लागला की लोकर सुईवरून सरकत नाही, टाके चिकटून बसतात. नातवाचा राखाडी स्वेटर, त्याच्या पणजोबांच्या लोकरीतला, अंगभर झाला होता. डावी बाही पुरी, उजवी कोपरापर्यंत.

संध्याकाळी गुढी उतरवल्यावर बाईंनी कडुनिंबाचे डहाळे सुपात पसरून ठेवले. दोन दिवसांत पानं वाळली. धुतलेले स्वेटर घडी करून पेटीत गेले, प्रत्येक घडीत मूठभर पानं, किडीसाठी. सगळ्यांत वर तो राखाडी स्वेटर, अर्धी बाही सुईसकट, टाके सुटू नयेत म्हणून सुईच्या टोकाला खोडरबराचा तुकडा खोचलेला. नातू विचारत होता, आता पूर्ण का करत नाहीस आजी. दिवाळीपर्यंत हात किती लांबेल कोणाला माहीत, असं म्हणत त्यांनी वही उघडली आणि 1 जानेवारीच्या मापाखाली पेन्सिलीनं लिहिलं: उजवी बाही, 46 ओळी झाल्या, 52 टाके सुईवर, पुढची ओळ सुलट.