दाऱ्या घाटाची फाईल

जुन्नर-आंबेगावच्या घाटवाटांची माहिती मी ठिकाणागणिक वेगळ्या फाईलीत ठेवतो आणि मेक या बिल्ड टूलने तिची वेबपानं तयार करतो. फाईलींची नावं देवनागरीतच: आळे, घोडेगाव, नाणेघाट. रोमनमध्ये गेलं की आळे आणि आले एकच होतात, आणि ते मला चालत नाही.

खरी परीक्षा दाऱ्या घाटाच्या नावाची. त्यातला ‘ऱ्या’ संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ऱ हे सबंध अक्षर, युनिकोड क्रमांक ०९३१, मग हलन्त आणि या. दोन, ऱ ऐवजी साधा र आणि त्याखाली नुक्ता. तीन, र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे नावाचा अदृश्य जोडक. पडद्यावर तिन्ही सारखेच. लिनक्स मात्र फाईलचं नाव म्हणजे निव्वळ बाइटांची माळ मानतं, त्यामुळे एकाच फोल्डरात तीन दाऱ्या घाट राहू शकतात. मेकफाईलमध्ये एक रूप आणि डिस्कवर दुसरं असलं, की समोर दिसणारी फाईल मेकला सापडत नाही. मॅकची जुनी फाईल सिस्टीम एचएफएस प्लस पहिलं रूप फोडून दुसरं साठवायची. २०१७ साली मॅकवर आलेली एपीएफएस लिहिलं तसंच ठेवते आणि शोधताना ही दोन्ही एक मानते. तिसरं रूप युनिकोडच्या नियमानेच निराळं. कुठलंही नॉर्मलायझेशन, म्हणजे समान रूपं एकसारखी करण्याची पद्धत, ते पहिल्याशी जुळवत नाही. म्हणून बिल्डआधी नावं तपासून ०९३१ वर आणणारी छोटी स्क्रिप्ट मी आवश्यकच मानतो. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट आणि जे दाबलं की तेच अक्षर थेट मिळतं.

विंडोजचं दुखणं वेगळं. एनटीएफएस नाव नीट साठवते, पण जुन्या धाटणीची टूल्स ते कोड पेजमधून, म्हणजे ठरावीक अक्षरांच्या जुन्या तक्त्यातून, वाचतात, आणि मराठीसाठी विंडोजने असं कोड पेज कधी बनवलंच नाही. मग शिवनेरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. २०१९ च्या विंडोज १० आवृत्तीपासून प्रोग्रॅमला मॅनिफेस्ट या आपल्या माहिती-फाईलीतून कोड पेज म्हणून युनिकोडचं यूटीएफ-८ मागता येतं. टूल लिहिणाऱ्यांनी ते मागायलाच हवं.

फाईलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं गिटही जुन्नरचा ज मुळात \३४०\२४४\२३४ असा छापतं. त्याचं कोटपाथ सेटिंग बंद केलं की नावं वाचता येतात. ते मी आवर्जून करतो, कारण बदलांची यादी वाचून घोडेगावच्या एखाद्या पोराला ‘आमच्याकडे हे असं लिहीत नाहीत’ म्हणता आलं पाहिजे.