पाटीवरची अक्षरे

चालता चालता दुकानाची पाटी वाचता येते, ती डोळ्यांइतकीच कानामुळे. प्रत्येक पावलाला डोके हलते. आंतरकर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका ते टिपतात आणि सुमारे १० मिलिसेकंदांत डोळे तितकेच उलटे फिरतात. नुसत्या दृष्टीवर हे काम सोपवले तर सुमारे १०० मिलिसेकंद लागतात; तोवर अक्षरे विस्कटलेली असतात. एरवी ही सोय जाणवतही नाही. लहानपणी फुगडी थांबल्यावर अंगण फिरत राहते, तेवढीच तिची ओळख: नलिकांतला द्रव अजून थांबलेला नसतो आणि डोळे त्याचेच ऐकतात.

ती हरपली की काय होते, हे एका डॉक्टरने १९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्वतःच्या अनुभवातून लिहिले. स्ट्रेप्टोमायसिनने त्याच्या दोन्ही कानांचा तोल गेला होता. नाडीच्या ठोक्यागणिक छापील ओळी उडत, म्हणून तो पलंगाच्या दोन गजांमध्ये डोके घट्ट रोवून वाचत असे.

तोल एकाच कानाचाही जाऊ शकतो. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या मस्तिष्क-नसेवरची गाठ, व्हेस्टिब्युलर श्वानोमा, बहुधा एकाच बाजूला होते. ती कर्करोगाची नसते आणि सहसा सावकाश वाढते. शस्त्रक्रियेत गाठीबरोबर तोलाची नस तुटली की त्या बाजूचा अखंड चालणारा संदेश बंद पडतो. मेंदूला वाटते, डोके निरोगी बाजूला फिरते आहे. डोळे कापलेल्या बाजूकडे घसरतात, झटक्याने परततात. खोली गरगरते, उलट्या होतात. गाठीने आधीच नस निकामी केली असेल, तर मेंदू तोवर बराच सावरलेला असतो. नस चांगली चालत असेल, तर हे पहिले दिवस अधिक कठीण जातात.

कानात थंड किंवा गरम पाणी सोडले की डोळे असेच झटके देतात. त्यावरून रॉबर्ट बारानीने तोलाची तपासणी बसवली.

शस्त्रक्रियेनंतरची गरगर काही दिवसांत ओसरते. लहान मेंदू दोन्ही बाजूंचा हिशेब नव्याने मांडतो. पण कापलेल्या बाजूला मान झटकन वळवली की नजर त्यानंतरही डोक्याबरोबर सरकते आणि उडी मारून परत येते. हॅल्माजी आणि कर्थॉइस यांनी १९८८ साली याचीच साधी तपासणी सांगितली. गाठ निघाली, चेहरा वाकडा झाला नाही, एवढ्यावर शस्त्रक्रिया यशस्वी म्हणणे अपुरे आहे. रस्ता ओलांडताना मान वळवली की पाटीवरची अक्षरे विस्कटतात का, हेही रुग्णाला विचारायला हवे.

उपाय व्यायामाचा. भिंतीवर एक अक्षर चिकटवायचे, नजर त्यावर ठेवायची आणि ते स्पष्ट दिसेल इतक्याच वेगाने मान डावी-उजवी हलवायची. वेग रोज थोडा वाढवायचा. चक्कर येते, ती यावीच लागते: चूक कळल्याशिवाय मेंदू दुरुस्ती करत नाही. म्हणूनच चक्कर दाबणाऱ्या गोळ्या फार दिवस घेणे नडते. गजांत डोके रोवणारा तो डॉक्टरही पुढे हिंडूफिरू लागला. पाटी वाचायची तर मात्र त्याला थांबावे लागे.

अंधार आणि खडबडीत वाट पुढेही जड जाते, कारण तिथे डोळे आणि तळवे मदतीला येत नाहीत. पाणी त्याहून अवघड. गढूळ पाण्यात सूर मारल्यावर वर कुठे, हे चटकन उमगेलच असे नाही. विहिरीत पोहत वाढलेल्याने पुन्हा पाण्यात उतरताना काठावर कुणाला तरी उभे करावे.