तोतया बल्ब

पुतण्या संक्रांतीला पुण्याहून नांदगाव पेठेला आला. "काका, मी दिवसभर क्लास टेस्ट करतो," असं तो म्हणाला तेव्हा मी सहज विचारलं, "कितवीचा?" जन्मभर मास्तरकी केलेल्याला दुसरं काय सुचणार!

मग त्यानंच माझा क्लास घेतला. क्लास म्हणजे करंजीचा साचा. त्यातून निघते ती करंजी, म्हणजे ऑब्जेक्ट. असे शेकडो साचे मिळून एक प्रोग्रॅम. प्रत्येक साचा एकेकटा तपासायचा आणि त्याला दुसऱ्याची गरज लागलीच, तर खऱ्याच्या जागी तोतया उभा करायचा. तोतयाला ते लोक 'मॉक' म्हणतात. पानिपतानंतर पुण्याला तोतयांची सवय आहेच म्हणा! जावा भाषेसाठी अशा तपासणीचं जेयुनिट नावाचं साधन केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात लिहायला घेतलं. अमरावतीहून घरी येईपर्यंत मला कंडक्टरकडून सुटे पैसेसुद्धा मिळत नाहीत.

"आमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत," पुतण्या म्हणाला. हिरव्या म्हणजे पास.

माझी बाग मात्र हिरवी राहायची चिन्हं नव्हती. आंबिया बहारासाठी संत्र्याची झाडं ताणावर सोडलेली, पानं मलूल झालेली. पाणी द्यायची वेळ आली आणि नेमकी मोटर जळली. वाइंडिंग करून आणून विहिरीत सोडली, तर धार करंगळीएवढी! पाणी लांबलं की फूल गेलं, फूल गेलं की वर्ष गेलं.

मिस्त्री विहिरीवर उभा राहून शपथेवर सांगत होता, "मोटर ब्येस हाये, इस्टार्टर ब्येस हाये, केबल ब्येस हाये. आता पान्यालेच काही झालं असंन त मी काय करू, भाऊ?"

"स्टार्टर तपासला कसा?" पुतण्यानं विचारलं.

"मोटरीच्या जागी बल्ब लावून. तिन्ही फेजवर झक्क पेटला न!"

"म्हणजे मॉक!" पुतण्या ओरडला.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. फेज उलटी पडली होती, मोटर उलटी फिरत होती. बल्बाला बिचाऱ्याला उलटंसुलटं कुठलं! दोन वायरींची अदलाबदल झाली आणि पाइपातून मांडीएवढं पाणी उसळलं.

मी टाळी द्यायला वळलो, तर पुतण्या धुऱ्यावर बसून लॅपटॉप उघडत होता. चेहरा ताणावरच्या संत्र्यासारखा. घरी काकूनं तिळगुळाला हाक मारली, तेव्हाही मान वर न करता म्हणाला,

"थांब काकू, माझे बल्ब तपासायचे राहिलेत."